देवळं हलत नसतात

"अव्वा, मागनं फोन करतो गं. इथं एक बाई माझ्या पॉइंटवर उभारल्यात आणि हलायला तयार न्हाईत. देवाला कौल लावल्यागत मोबाइलकडं डोळे लावून उभारल्यात."

चामराजपेटच्या एका गल्लीच्या तोंडाशी, जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात, हे वाक्य माझ्या कानावर पडलं. ती बाई म्हणजे मीच.

मी मान वर केली नाही. मुद्दामच. नागपूर सोडून बेंगळुरूला येऊन मला सात महिने झाले होते. या सात महिन्यांत रस्त्यात कुणी माझ्याबद्दल मराठीत तक्रार केली नव्हती, आणि ती ऐकायला इतकं बरं वाटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हटलं, बोलू दे अजून.

"न्हाई गं, शिकलेल्या दिसत्यात. कन्नडमध्ये दोनदा सांगितलो, 'स्वल्प सर्कोळ्ळी', जरा सरका म्हणून. ढिम्म... काय? दिसायला कशी म्हणून काय विचारतीस? मी कामावर हाय!" मग आवाज जरा खाली आला. "बऱ्या हायत. बऱ्या म्हणजे... चांगल्या हायत. ठेवू का आता?"

"कौल लागला," मी मोबाइल पर्समध्ये टाकत म्हणाले. "उजवा."

त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते सांगत बसत नाही. कान मात्र अंगातल्या नारिंगी जाकिटापेक्षा लाल झाले होते. उंच, सावळा, तीन पायांच्या यंत्रामागे अर्धा लपलेला. माझ्या बुटाखाली रस्त्यात ठोकलेला एक खिळा होता आणि भोवती लाल रंगाचं वर्तुळ.

"मराठी... होय व्हय तुम्ही," तो पुटपुटला. "चुकलं माझं. माफ करा हं."

"माफ केलं. 'चांगल्या हायत' म्हणालात म्हणून."

अशी आमची ओळख झाली. त्याचं नाव महांतेश, फोनवरची अव्वा ही त्याची आई, गाव निपाणीजवळचं, आणि काम सर्वेअरचं. पावसाळी नाल्यांसाठी गल्ल्यांची मापं घ्यायला त्याच्या कंपनीनं त्याला इकडे पाठवलं होतं. मी सुखदा. एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या स्टुडिओत जुन्या नकाशांवरून मोबाइलवर बघायच्या गोष्टी बनवणारी. हा माणूस मला आवडला, आणि एका नकाशाच्या पायी मी त्याला जवळजवळ घालवून बसले होते. ते सगळं आता सांगते.

"पण तुम्ही इथं करत काय होता?" यंत्र नीट बसवत त्यानं विचारलं.

"तळं शोधतेय."

त्यानं खाली डांबराकडे पाहिलं, मग दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे. "इथं? पाइपलाइन फुटली तरच घावंल."

---

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, आम्ही बाय-टू कॉफी घेतली. एकाच कॉफीचे दोन वाटे करून देण्याची ही इथली पद्धत मला फार आवडते. ओळख नसलेल्या माणसाबरोबरही ती चालते. मी बॅगेतून टॅब काढला.

पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीचा, हातानं काढलेला नकाशा होता. बरोबर मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे तो जुना नकाशा, उजवीकडे आजचं आकाशातून घेतलेलं छायाचित्र. जागा तीच, माप तेच. बोटानं रेघ उजवीकडे ओढली की जुना नकाशा पसरत जायचा... गच्च्या, पाण्याच्या टाक्या, पार्क केलेल्या गाड्या पुसल्या जायच्या आणि त्यांच्या जागी ताडाची झाडं, विहिरी, आणि एक निळसर तळं उगवायचं. रेघ डावीकडे ओढली की तळं परत गडप.

"ओढा तुम्ही," मी म्हणाले.

त्यानं आधी बोट पँटला पुसलं. मग रेघ अगदी हळू ओढली. झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं, तितकी हळू. तळं दिसलं तेव्हा तो टॅबवर आणखी वाकला. परत ओढली, आणि परत. मी मोजलं, सात वेळा. सात महिने मी हे काम करत होते, पण ते असं बघणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला होता.

"बाप रे," तो शेवटी म्हणाला. "हे तुम्ही केलात?"

"हौ. मी केलं."

"लई भारी हाय." आणि मग, त्याच श्वासात, "पण तुमचा नकाशा स्वल्प घसरलाय."

"काय?"

त्यानं रेघ एका कोपऱ्यावर थांबवली. जुना रस्ता डावीकडून रेघेपर्यंत यायचा, आणि उजवीकडे तोच रस्ता बोटभर खाली सुरू व्हायचा. मोडलेलं हाड चुकीचं बसवल्यासारखं दिसत होतं ते. दोन आठवड्यांचं काम होतं माझं!

"आत्ता 'बाप रे' म्हणत होतात नं?"

"ते चित्राला म्हटलं. हे मापाला म्हणायलोय."

राग आला, खोटं कशाला सांगू. पण खरंही तेच होतं. जुना नकाशा नव्यावर बसवायचा तर दोन्हीत असलेल्या, आणि मधल्या काळात जागा न सोडलेल्या, खुणा लागतात. कापड शिवण्याआधी टाचण्या लावतात, तशा त्या खुणांवर टाचण्या लावायच्या. एक जरी टाचणी चुकली तर नकाशा तिच्याकडे ओढला जातो. मी शाळेचं फाटक आणि एक पिंपळ धरला होता. फाटक मागेच दुसऱ्या बाजूला गेलं होतं, आणि पिंपळ तोच असल्याची खात्री फक्त मला होती.

"शनिवारी मला सुट्टी असते," महांतेश कपाच्या तळाकडे बघत म्हणाला. "म्हणजे... तुम्हाला टाचण्या शोधायच्या असतील तर."

---

मग शनिवार सुरू झाले.

त्याच्या कामाची पद्धत मला तोंडपाठ झाली. कुठलीही खूण धरायची तर तीन गोष्टी. आधी मोजायचं. मग दगड बघायचा, म्हणजे पाया, उंबरा, कडा, जे काही जुनं उरलं असेल ते. आणि शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. तिन्ही जुळलं तर टाचणी, नाहीतर पुढे. एका विहिरीसाठी त्यानं गॅरेजमधल्या माणसाला गाडी हलवायला लावली, गुडघ्यावर बसला, हाताच्या पंज्यानं धूळ झाडली आणि फरशीखाली गेलेला गोल कठडा मला दाखवला. बोटं काळी झाली होती आणि चेहरा खुललेला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं.

नकाशा कुणी काढला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण महांतेश त्या माणसाबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. "ह्यानं झाडांच्या सावल्या काढल्यात बघा. सगळ्या एकाच अंगाला. आणि ही विहीर बघा, आत पायऱ्या पण मोजून काढल्यात. मनाचं कायबी घातलेलं न्हाई ह्यानं."

"तुमच्यासारखाच होता म्हणायचा."

"माझं अक्षर एवढं चांगलं न्हाई."

"निपाणीचे नं तुम्ही? तंबाखूतून वेळ मिळाला तर अक्षर काढाल."

"आणि तुम्ही नागपूरच्या. संत्र्यागत. सोलल्याशिवाय गोड हाय का आंबट कळत न्हाई."

"मग? काय कळलं?"

तो टेप गुंडाळायला लागला. उत्तर द्यायचं नसलं की हा माणूस टेप गुंडाळायचा. पाचव्या शनिवारपर्यंत टेपचं मला फार कौतुक वाटायला लागलं होतं.

विहिरीची जागा पक्की करून दिली ती चंद्राबाईंनी. वय एक्क्याऐंशी. गल्लीतलं सगळ्यांत जुनं घर त्यांचं. तीन पिढ्यांपासून बेंगळुरूत, घरात मराठी आणि दारात कन्नड. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांच्याकडे जाणं सोपं, निघणं अवघड. "स्वल्प बसा की" म्हणाल्या की तास गेलाच समजायचा. चटणीपुडी, नातवाचं लग्न, जुन्या पेठेतल्या भानगडी, सगळं ऐकून झाल्यावर विहिरीचा पत्ता मिळाला.

---

शेवटची टाचणी दक्षिणेच्या कोपऱ्यावर हवी होती. तो फेब्रुवारीतला शनिवार. अवेळी भुरभुर आली, म्हणून आम्ही मारम्मा देवीच्या छोट्या देवळाच्या ओट्यावर चढलो. दगडी खांब, तेलाचा वास, आणि पावसानं उठलेला धुळीचा वास. त्याच्या केसांवर थेंब होते. मला ते पुसावेसे वाटले... मी टॅब पुसला.

"हेच धरा की," खांबावर हात ठेवून तो म्हणाला. "दगड जुना हाय. आणि देवळं हलत नसतात."

किती शांतपणे म्हणाला! पाऊस, तो खांब, त्याचा हात. मी टॅबवर जुना नकाशा उघडला. आणि मला दिसलं की नकाशात देऊळ रस्त्याच्या पूर्वेला काढलंय. आम्ही बसलो होतो पश्चिमेला.

मला दिसलं होतं. हे नीट ऐकून ठेवा. मी पाहिलं, क्षणभर थांबले, आणि मनात म्हटलं, नकाशावाल्याचा हात चुकला असेल. महिनाभर ज्याच्या सावल्यांचं कौतुक ऐकत होते, त्याचाच! मी टाचणी पश्चिमेच्या देवळावर लावली. महांतेशनं एकदा माप घेतलं, यंत्र बॅगेत घातलं. पाऊस थांबत आला होता, आणि मला एकची बस गाठायची होती.

"कॉफी?" तो म्हणाला.

"बाय-टू," मी म्हणाले.

बुधवारी आमच्या स्टुडिओच्या प्रमुख वेदिका यांनी नकाशाची ही गोष्ट पाहिली. "सुखदा, एकदम क्लास झालंय! गल्लीतल्या लोकांना लिंक पाठव, काय म्हणतात बघू. रविवारी तिथेच देवळाच्या हॉलमध्ये दाखवू सगळ्यांना." मी लिंक गल्लीच्या ग्रुपवर टाकली. स्वतः केलेली माझी पहिली गोष्ट. रात्री आनंदानं झोप नाही आली.

गुरुवारी सकाळी चंद्राबाईंच्या सुनेचा, महानंदांचा फोन आला. त्या रडत होत्या.

---

मी महांतेशला बोलावून घेतलं. आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा गल्लीत पंचवीस-तीस माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये माझी रेघ. रेघ उजवीकडे ओढली की गल्लीच्या एका बाजूची अकरा घरं तळ्यात जात होती. पाचवं घर चंद्राबाईंचं.

बेंगळुरूत "तुमचं घर तळ्याच्या जागेवर आहे" हे वाक्य गमतीत घेत नाहीत. तळ्याच्या जमिनीवरची घरं पाडल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. कुणीतरी हे चित्र कचेरीत नेऊन दाखवलं तर? कुणीतरी कुठेतरी आधीच पुढे पाठवलं असेल तर? महानंदा मला एकच विचारत होत्या, "नोटीस येणार काय हो?"

चंद्राबाई खुर्चीत बसून कुणाचा तरी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "हे देऊळ इथं कुठलं गं दाखवलंस? मारम्मा समोर होती. रस्त्याच्या पलीकडं."

सगळी गल्ली त्यांच्याकडे वळली.

"रस्ता रुंद केले तेव्हा दगडाला नंबर घालून इकडं आणून बांधले की. माझा थोरला पाळण्यात होता. अजून जत्रेला पालखी आधी पलीकडं नेतात, सायकलच्या दुकानापुढं. जुन्या जागेवर नारळ फोडल्याशिवाय मारम्मा पुढं जात न्हाई."

म्हणजे दगड जुने, देऊळ जुनं, आणि जागा नवी.

"हे माप कुणी दिलं?" मागून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं. मग सगळेच. "यारू? कुणी दिलं?"

आणि मी महांतेशकडे हात केला. "पॉइंट यांनी दिलेत. हे सर्वेअर आहेत."

बोलताना माझा आवाज अगदी स्वच्छ होता, याची मला अजून लाज वाटते. महांतेशनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काहीतरी शोधत असल्यासारखं. मग तो लोकांकडे वळला. "होय. तप्पु नंदे. चूक माझी हाय. घरं तळ्यात न्हाईत. मी परत मापून देतो."

मी लिंक तिथल्या तिथे बंद केली. वर पाहिलं तर तो रस्त्याच्या पलीकडे सायकलच्या दुकानापुढे गुडघ्यावर बसला होता. मी गेले नाही.

---

शुक्रवारी सकाळी मेल आला. त्यात नव्या खुणांचा तक्ता होता. माप, दगडाचा फोटो, आणि तिसऱ्या रकान्यात 'चंद्राबाई, वय ८१, यांनी समक्ष दाखवलं'. दुकानाच्या पायरीखाली देवळाच्या जुन्या जोत्याचा एक दगड त्याला सापडला होता. मेलच्या शेवटी 'आपला विश्वासू, महांतेश'. एवढंच. पाच शनिवार, आणि आपला विश्वासू!

मी टाचणी काढून पलीकडे लावली. नकाशा सरकला, तुटलेला रस्ता सांधला गेला आणि तळं मागच्या खेळाच्या मैदानाखाली आणि कांद्याच्या गोदामाखाली जाऊन बसलं. नकाशावाल्याचा हात केसभरही चुकला नव्हता. अकराही घरं कोरडी होती. मी नवी लिंक लगेच ग्रुपवर टाकली आणि घराघराचं नाव घालून लिहिलं, 'हे घर तळ्यात नाही.'

"छान, मिटलं," वेदिका म्हणाल्या. "रविवारी फक्त बरोबर असलेलं दाखव. चुकीचा विषय काढूच नकोस."

शनिवारी मी चंद्राबाईंकडे गेले, माफी मागायला. त्यांनी स्वल्प बसवलं.

"तो सर्वेअर अण्णा गुरुवारीच संध्याकाळी येऊन गेला की. अकराच्या अकरा घरी. दार वाजवायचा, हात जोडायचा, चूक माझी म्हणायचा, मोबाइलवर नवीन माप दाखवायचा. कुठं कुठं शिव्या पण खाल्ला." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पोरी, एका पण घरात तुझं नाव घेतलं न्हाई त्यानं."

मी मान खाली घातली.

"सोमवारी हुबळीला चाललाय म्हणे. चार महिन्याचं काम आहे तिकडं. सांगितलं न्हाई काय तुला?"

नाही, त्यानं सांगितलं नव्हतं. कशाला सांगेल? त्या संध्याकाळी इथल्या शिवाजीनगरला बस बदलताना मला घरची बस दिसली आणि मी चढलेच नाही. तिथेच गर्दीत उभी राहून मोबाइलवर लिहिलं, 'उद्या दहा वाजता देवळाच्या हॉलमध्ये या. प्लीज.' तीन बस गेल्या. मग उत्तर आलं. 'सरी.' म्हणजे 'बरं'.

---

रविवारी हॉल भरला होता. महांतेश आला, पण आत नाही. दारात, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला. जाकीट नव्हतं, निळा शर्ट होता. मला आवडतो तो शर्ट, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. असं बरंच काही सांगितलं नव्हतं.

मी पडद्यावर दोन नकाशे लावले. डावीकडे शंभर वर्षांपूर्वीचा आणि उजवीकडे आजचा, असं ठरलं होतं. तसं मी केलं नाही. डावीकडे लावला माझा चुकीचा, उजवीकडे बरोबर, दोन्हीत आजच्या छायाचित्रावर फक्त तळं निळं रंगवलेलं. मध्ये तीच रेघ. वेदिकांच्या भुवया वर गेलेल्या मला दिसल्या.

मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, चार वाक्यांत कन्नड संपलं, मग मराठीत बोलले. महानंदा शेजारी उभं राहून ते कन्नडमध्ये सांगत गेल्या.

"डावीकडे आहे ती चूक. या चुकीनं तुम्ही एक दिवस आणि एक रात्र घाबरून काढलीत. गुरुवारी तुम्ही विचारलंत, माप कुणी दिलं, तेव्हा मी यांच्याकडे हात केला." सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. "पॉइंट त्यांनी दिला, हे खरं आहे. पण जुन्या नकाशात देऊळ पलीकडे काढलंय, हे मी टाचणी लावतानाच पाहिलं होतं. मी एकटीनं पाहिलं होतं. त्यांना दाखवलं नाही, तुम्हाला विचारलं नाही, आणि गुरुवारी इथं उभी राहून सगळं त्यांच्यावर ढकललं. त्यांना हे आत्ता पहिल्यांदा कळतंय. चूक माझी आहे."

महानंदा शेवटचं वाक्य सांगताना जरा अडखळल्या.

मग चंद्राबाई उठल्या. काठी टेकत पुढे आल्या आणि टॅबसमोर बसल्या. मोठ्या पडद्यावर रेघ थरथरली, मग हळूहळू डावीकडे सरकायला लागली. गल्लीच्या टोकाचं घर निळ्यातून बाहेर आलं. मग दुसरं. तिसरं, चौथं.

"हे माझं!" त्या ओरडल्या. "हे बघा, आलं वर! तुळस पण दिसते की गच्चीवरची!"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. टाळ्या वाजल्या, लोक उठून आपापलं घर बाहेर काढायला पुढे सरसावले. मी डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

---

तो बाहेर, देवळाच्या मागच्या बाजूला, कट्ट्यावर बसला होता. मी जाऊन समोर उभी राहिले.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा नं."

"बघितलं होतात, तर त्याच वेळी बोलला का न्हाई?"

उत्तर मला कधीचं माहीत होतं. तोंडातून काढायचं तेवढं बाकी होतं.

"तुम्ही म्हणालात म्हणून." माझा आवाज घाबरा झाला होता. "तुम्ही पावसात तिथं बसून म्हणालात, देवळं हलत नसतात. इतकं छान म्हणालात नं... नकाशा वेगळं सांगत होता, पण मला वाटलं, दोघांत कुणी चुकलं असेल तर तो नकाशा असेल. तुम्ही नसाल. मला तसंच हवं होतं. मला तुम्ही आवडता, महांतेश. खूप आवडता. आणि गुरुवारी मी जे केलं ते—"

"थांबा."

मी थांबले. आज हातात टेप नव्हता. गुंडाळायला काही नव्हतं त्याच्याकडे.

"आता माझं ऐका. मोजायचं, दगड बघायचा, विचारायचं. सहा वर्षं झाली, तिन्ही केल्याशिवाय मी एक पॉइंट दिलेला न्हाई. एक पण. त्या दिवशी चंद्राबाईंचं घर पन्नास पावलांवर होतं. मी विचारलो न्हाई." तो थांबला, आणि कान परत तसेच लाल झाले. "तुम्हाला एकची बस होती. अक्कांकडं गेलो असतो तर तासाच्या आत सुटलो असतो होय? तेवढा एकच तास उरला होता तुमच्यासंगं. मला तो त्यांना द्यायचा नव्हता."

इतका मोजून-मापून चालणारा माणूस, आणि आयुष्यातली पहिली चूक माझ्याबरोबर कॉफी प्यायला मिळावी म्हणून!

"म्हणजे अकरा घरं आपण दोघांनी मिळून बुडवली," मी म्हणाले. रडू आणि हसू एकदमच आलं.

"बाय-टू," तो म्हणाला. मग हसणं थांबवून, अगदी हळू, "मला पण आवडता तुम्ही. पहिल्या दिवसापासनं. अव्वाला माहीत हाय, फक्त तुम्हाला सांगायचं ऱ्हायलं होतं."

"सोमवारी जाताय नं."

"चार महिनेच. शुक्रवारी रात्रीची गाडी हाय, शनिवारी सकाळी इथं. मी बघून ठेवलीया... गुरुवारच्या आधीच बघून ठेवली होती. मग वाटलं, आता कशाला."

"आता याच," मी म्हणाले. "दर शनिवारी. नाही आलात तर मी येईन."

त्यानं हात पुढे केला. खडबडीत, नखांत अजून थोडी जोत्याची माती. मी धरला.

"अण्णा! पोरी! कुठं गेलात?" कोपऱ्यावरून काठीचा आवाज आला आणि मागोमाग चंद्राबाई. आम्ही दोघंही चटकन उठून उभे राहिलो. हात सुटले नाहीत, आणि ते लपवायला जागाही नव्हती.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आधी हाताकडे, मग चेहऱ्यांकडे. उप्पिटाला बोलवायला आल्या होत्या, हे नंतर कळलं.

"अक्का, येतोच आम्ही," महांतेश म्हणाला. "स्वल्प बसू की तुमच्याकडं."

"नको रे बाबा," चंद्राबाई म्हणाल्या आणि काठीनंच रस्ता दाखवला. "आज माझ्याकडं बसू नका. उद्या तू चाललास हुबळीला. जावा, हिंडा दोघं. मी काय, इथंच आहे की. माझं घर कुठं जात न्हाई आता."